सात नंबरची पट्टी

४ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं असतं ते बाईंनी शिकवलं त्या दिवशी मी वर्गाबाहेर अंगठे धरून उभा होतो, हे तुला माहीतच आहे. तेव्हा ते सगळं लिहिलंय असं समज.

तू माझा फोन उचलत नाहीस. चार महिने झाले. आईचा उचलतोस, पण मी मागून नुसतं "हॅलो" म्हटलं की फोन बंद. म्हणून पत्र. पत्र मधेच बंद करता येत नाही. फाडता येतं, पण तू कागद फाडणाऱ्यातला नाहीस. सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा घडी घालून ठेवतोस.

आई बरी आहे. गुडघा तसाच. परवा मी तिच्या काठीला हँगरमधला पिवळा-काळा पट्टा रंगवून दिला, धोक्याच्या जागी मारतो तसा. आधी चिडली. आता शेजारणींना दाखवत फिरते. तुझी खोली मी घेतलेली नाही. फक्त पलंग घेतलाय.

तू का रागावलायस ते मला खरंच कळलेलं नाही. तुझी बदली साहेबांनी केली. त्या लांबच्या डेपोत जुने टायर मोजायला साहेबांनी पाठवलं. माझ्यावर कसला डूख धरून बसलायस?

असो. बातमी तुला कळली असेलच. आपलं एक विमान पडलं. टीव्हीवर नऊ नंबर म्हणाले. ते ऐकून तू जेवणावरून उठला असशील. कारण नऊ नंबर पडूच शकत नाही हे तुला माहीत आहे. म्हातारी तीन वर्षं कोपऱ्यात उभी. ती काय उठून धावपट्टीवर गेली आणि पडून आली?

चालवायला गोगलगाय होता. गेला, दादा.

आता जास्त लिहीत नाही. बोटांवरचा पांढरा रंग निघत नाहीये, कागदाला लागतोय.

तुझा,
बारक्या

राहिलं एक. तुझी ती हिरवी वही होती ना, तिची दुसरी प्रत आहे का तुझ्याकडे? सहज विचारतोय.


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. चालेल. भिंतीशी बोलायची सवय मला तूच लावलीस.

इथे चौकशी बसलीय. बाहेरून एक साहेब आलेत, बारीक अंगाचे, स्वतःचा चहा थर्मासमधून आणणारे. पाळीपाळीने एकेकाला बोलावतात. माझी पाळी येईल. मोठ्या माणसांपुढे उभा राहिलो की मला विनोद सुटतात, जशी कुणाला उचकी लागते. म्हणून आधी सगळं कोरडं लिहून बघतोय, आणि सराव तुझ्यावर करतोय. तुला माहीत असलेलंच परत येईल. वाच. चुकलं तिथे लाल पेन मार.

तर आमच्याकडे विमानं अकरा. मोठ्या साहेबांच्या दारात बोर्ड आहे, "आज तयार", आणि पुढे आकडा. तो आकडा रोज मी रंगवतो. अकरा झाला की साहेब माझ्या पाठीवर थाप मारतात. नऊ झाला की दिवसभर कुणाच्या तरी डोक्यावर मिऱ्या वाटतात. वाईट माणूस नाही. पण त्यांना वरून फोन येतो, आणि वरच्यांना आणखी वरून, आणि त्या सगळ्यांना फक्त आकडा ऐकू येतो.

पार्ट येत नव्हते. तेव्हा एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायचं. ते एक म्हणजे नऊ नंबर. पंप काढला, चाकं काढली, सीट काढली, शेवटी पुढची काच काढली. म्हातारी नाव मीच ठेवलं. सगळ्यांना देऊन देऊन बोळकं झालेली.

दोन वर्षांमागे वरचे साहेब तपासणीला यायचे होते आणि आपल्या साहेबांनी अकराच्या अकरा तयार म्हणून कळवून ठेवलेलं. चहाच्या वेळी सगळे तोंड पाडून बसले होते. मी बोललो, "सातलाच दुपारी नऊ करू की. सकाळी सात बघतील, जेवून आले की नऊ बघतील. जुळ्या बहिणी म्हणायचं."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं, सर."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. खोडी करून झाली की पळून जायचं असतं, एवढं मला पाचवीपासून कळतं. तिथे उभा राहून वेळ काय सांगत बसलो!

म्हातारीवर ताडपत्री टाकली, वर "रंगकाम चालू आहे" अशी पाटी लावली, तीही मीच रंगवलेली. वरच्यांनी सकाळी सात उडताना बघितलं, दुपारी तेच विमान नऊ होऊन उडताना बघितलं आणि म्हणाले, नऊचा आवाज जास्त चांगला आहे. आम्ही आठवडाभर हसत होतो. तूसुद्धा हसलास. नाही म्हणू नकोस, मी बघितलंय.

मग ते नेहमीचं झालं. महिन्यात ठरलेले तास विमान उडालं नाही की ते बोर्डावरून उतरतं. म्हणून आठवड्यातून दोनदा सातवर नऊ लिहायचं, उडवायचं, आणि तास नऊच्या लॉगबुकात चढवायचे. तेव्हा तू हसायचा थांबलास. तू साहेबांना सांगितलंस, "तास विमानाचे असतात सर, रंगाचे नसतात." साहेब म्हणाले, "बघू." आणि तू खिशात ती हिरवी वही ठेवायला लागलास. कुठल्या दिवशी नऊ म्हणून खरं कोण उडालं, किती तास, सगळं त्यात.

इंधनाचा पंप तीनशे तासांना बदलायचा असतो. सातच्या लॉगबुकात पंपाचे तास दोनशे चाळीस. नऊच्या लॉगबुकात पंचाण्णव. दोन्ही पुस्तकं बघितली तर दोन्ही पंप ठणठणीत. पण पंप दोन नव्हतेच. एकच होता, सातच्या पोटात. बेरीज करायची अक्कल मला आहे, नापास मी भाषेत झालो होतो. तीनशे पस्तीस.

२९ जानेवारीला सकाळी मी सातवर नऊ लिहिलं. गोगलगाय आला. त्याची नेहमीची फेरी मारली. इतकं वेगवान विमान चालवणारा माणूस विमानाभोवती किती हळू चालायचा! प्रत्येक स्क्रूला नमस्कार केल्यासारखा. लॉगबुक बघितलं, सही केली, चढला. वर गेल्यावर इंजिन बंद पडलं. आवाज थांबला, तो आम्हाला खाली कळला. सरळ गेला असता तर घरं होती, म्हणून त्याने वळवलं, दगडाच्या खाणीकडे. बाहेर उडी टाकली, पण उशीर झाला होता.

आता काय चाललंय ते ऐक. पडलं कोण? कागदावर नऊ. नऊचा पंप किती तासांचा? पंचाण्णव, म्हणजे नवाच. मग पंपाचा दोष नाही. मग दोष कुणाचा? उरला कोण?

हँगरमध्ये सगळे कुजबुजतात की अहवालात "वैमानिकाची घाई" असं येणार. गोगलगायीची घाई! दादा, हा विनोद मी केला असता तरी लोकांनी मला मारलं असतं.

खाणीत अवशेष गोळा करायला आम्हाला हातमोजे आणि पोती देऊन पाठवलं होतं. विमानाच्या पोटात, चाकाच्या कप्प्यात तळहाताएवढी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर खरा नंबर ठोकलेला असतो, तुला सांगायला नको. ती मला सापडली. कडेने काळी झालीय, पण सात स्पष्ट वाचता येतो. मी बूट बांधायला वाकलो आणि मोज्यात सरकवली. पोटरीला अजून ओरखडा आहे.

पट्टी आणि तुझी वही, दोन्ही मिळून चौकशीच्या साहेबांपुढे ठेवली तर गोगलगायीवरचं बालंट जाईल. एकट्या पट्टीने होईल की नाही माहीत नाही.

बारक्या


१६ फेब्रुवारी

दादा,

काल गोगलगायीची आई आली होती, त्याचं सामान न्यायला. साहेबांनी मला पेटी उचलायला पाठवलं. दोन शर्ट, दाढीचं सामान, एक कोडी सोडवायचं पुस्तक, अर्धं भरलेलं. तिने सगळं परत घडी घातलं. आधीच घडी घातलेलं होतं.

माझे हात बघून म्हणाली, "तूच का तो रंगवणारा? तो सांगायचा, एक पोरगा आहे, फार हसवतो."

मी म्हटलं, "हो, मावशी."

"मला एक सांग. हे म्हणतात त्याने घाई केली. तो घाई करायचा का रे? लहानपणी बूट घालायला अर्धा तास लावायचा. शाळेची गाडी निघून जायची. मी ओरडायचे, अरे घाई कर, घाई कर." शर्टाची घडी परत उलगडली. "इथे येऊन शिकला असेल का?"

माझ्या तोंडावर आलं होतं. जिभेच्या टोकावर. दारात साहेबांचा माणूस उभा होता. मी म्हटलं, "पेटी जड आहे मावशी, मी गाडीपर्यंत आणतो." पेटी अजिबात जड नव्हती.

रात्री अर्ध्या ताटावरून उठलो. आईने विचारलं तर म्हटलं, तुझ्या हातचं एवढंच झेपतं. तिने पट्टेवाल्या काठीने मारलं.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी गाळल्या. सरावात गाळल्या तर खऱ्यातही गाळेन, म्हणून लिहितो.

पहिली. त्या दिवशी गोगलगायीने विमानाच्या नाकाला हात लावला, म्हणाला, "रंग ओला आहे रे." मी म्हटलं, "वाऱ्याने वाळेल सर, तेवढा तरी स्पीड द्या." हसला. मग लॉगबुक उघडलं, पंपाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं. मेकॅनिकला नाही, मला. "पंचाण्णवच? हिला तर मी बरेच दिवस उडताना बघतोय." त्याला काहीतरी खटकलं होतं, दादा. तो विचारत होता. मला सगळं माहीत होतं. तू जाताना दोनशे नव्वद झाले होते, तू दहादा बोलला होतास की आता दहाच तास उरलेत, पंप बदला, आणि त्यावर चार महिने गेले होते. आणि मी काय बोललो?

"नवी नवरी आहे सर. जपून न्या."

तो परत हसला. सही केली. माझ्याशी बोललेला शेवटचा माणूस मीच. म्हणजे तो माझ्याशी शेवटचं बोलला. काय लिहितोय मी.

दुसरी. तू का रागावलायस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. साहेबांच्या वाढदिवसाला मी नकला केल्या. आधी आचाऱ्याची केली, मग त्या डोळे मिचकावणाऱ्या डॉक्टरची, आणि लोक "आणखी, आणखी" करायला लागले तर तुझी केली. मान खाली, भुवया वर, खिशातून वही काढायची, इकडेतिकडे बघायचं, जीभ बाहेर काढून तास लिहायचे, परत खिशात. लोक गडाबडा लोळले. साहेबही हसले आणि हसता हसता म्हणाले, "कसली रे वही?"

मी सांगितलं. टाळ्या पडत होत्या ना.

दुसऱ्या दिवशी तुझी झडती, वही जप्त, आणि बदली. तू सामान बांधताना माझ्याकडे एकदा बघितलंस फक्त. शिव्या द्यायला हव्या होत्यास. मी त्यांना तयार होतो. मला पाठ आहेत तुझ्या.

वहीची दुसरी प्रत असेल तर पाठव. माझ्यासाठी नको. त्या बाईसाठी.

बारक्या


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं! पोस्टमनच्या हातून मी ओढूनच घेतलं, बिचाऱ्याची टोपी पडली. चार ओळी आहेत. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता तुझ्या आवाजात ऐकू येतात. खाली उतरवून काढतो, म्हणजे तुलाही कळेल तू काय लिहिलंस.

"वह्या दोन होत्या. एक त्यांनी नेली, एक माझ्याजवळ आहे. देणार नाही. तुझ्या हातात गेलेल्या गोष्टीचा तमाशा होतो. आईचा गुडघा शेकत जा."

बरोबर आहे.  पण तू लिहिलंस. चार महिन्यांनी चार ओळी, महिन्याला एक. या वेगाने आपण म्हातारपणी गप्पा मारू.

आईला दाखवलं नाही. सांगितलं, दादाने गुडघा शेकायला सांगितलाय. तर म्हणते, "त्याला म्हणावं येऊन शेक." रोज संध्याकाळी मीच शेकतो. ती डोळे मिटून घेते. तुझे हात समजत असेल.

इथे एक चमत्कार झालाय. म्हातारी उठली! तीन वर्षं न आलेले पार्ट आठ दिवसांत आले. नवा पंप, नवी चाकं, काच, सीट, सगळं खोक्यांतून. विमान पडल्यावर पार्ट येतात हे आधी माहीत असतं तर आपण एखादं मुद्दाम ढकललं असतं. हा विनोद मी मोठ्याने केला नाही. बघ, सुधारतोय.

आणि तिच्यावर मला सात लिहायला लावलं. कायमचं. साहजिक आहे, कागदावर नऊ मेली, तर जिवंत राहिली ती सातच असायला हवी. मी लिहिलं. तीन हात दिले. तिच्या पोटातली नऊची जुनी पट्टी कुणीतरी आधीच काढून नेलीय, तिथे चार रिकामी भोकं आहेत. मी वाकून बघितलं.

पण खरी पट्टी माझ्याकडे आहे. उद्या माझी पाळी. वहीशिवाय जातो. सगळं सांगणार आहे, नवरीचंसुद्धा. नोकरी गेली तर जाऊ दे. तुझ्या डेपोत टायर मोजायला एक माणूस लागेलच.

पहिल्यांदा असं वाटतंय की हे होईल. 

बारक्या


९ मार्च

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि पेनाने कागदावर विमानाचे आकडे काढायचो.

मी गेलो. थर्मासवाले साहेब चांगले बोलले. खुर्ची दिली. मला वाटलं होतं उभं ठेवतील. मी सगळं सांगितलं, क्रमाने, तुला लिहिलं होतं तसं. एकही विनोद केला नाही. जिथे विनोद सुटेल असं वाटलं तिथे गाल आतून चावला. मग पट्टी टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा काढून बघितली. उलटी केली. म्हणाले, "ही कुठे मिळाली?"

"खाणीत, सर."

"कोणी बघितलं?"

"कोणी नाही. मोज्यात घातली."

"मोज्यात." ते लिहून घेतलं. "आणि आज किती दिवस झाले?"

मी बोटांवर मोजले. सव्वीस. तेही लिहून घेतलं. मग त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेब आले, पट्टी बघितली आणि, दादा, ते चिडले नाहीत. ते हसले. दमलेल्या बापासारखे हसले.

"सर, हा आमचा विदूषक. भला पोरगा आहे. याने माझ्या स्कूटरवर 'विकणे आहे' रंगवलं होतं. आचाऱ्याच्या चपला जमिनीला चिकटवल्या. डॉक्टरांच्या दारावर 'जनावरांचा दवाखाना' लिहिलं. चला, दाखवतो ही कुठून आली."

आम्ही तिघं हँगरमध्ये गेलो. म्हातारीच्या पोटाखाली. बाहेर मीच लिहिलेला सात, तीन हातांचा, चकचकीत. आत चार रिकामी भोकं. साहेबांनी पट्टी तिथे धरली. चारही भोकं जुळली. जुळणारच ना. सगळ्या विमानांची सारखीच असतात.

मी ओरडलो, "सर, ही म्हातारी आहे! ही नऊ आहे! सात पडलंय!"

थर्मासवाल्या साहेबांनी मेकॅनिकला विचारलं, "हे कुठलं विमान?"

तुझ्या जागी आलाय तो मेकॅनिक. दोन लहान मुली आहेत त्याला. त्याने बाहेरचा आकडा बघितला आणि म्हणाला, "सात, सर."

"पट्टी जळलेली दिसतेय ती?" त्यांनी मला विचारलं. म्हणजे अगदीच डोळे मिटलेला माणूस नव्हता. मी बोलायच्या आधी साहेब म्हणाले, "याच्याकडे रंगकामाची बत्ती असते, सर. जुना रंग जाळून काढायला." असतेच माझ्याकडे. खोटं काय बोलले ते?

मी म्हटलं, माझ्या दादाच्या वहीत सगळं आहे. त्यांनी विचारलं, आणलीस का? मी म्हटलं, तो देत नाही. का देत नाही? मला खरं उत्तर येत होतं. देता आलं नाही.

चौकशीच्या साहेबांनी पेन बंद करून खिशाला लावलं. मग म्हणाले, "एक माणूस मेलाय. तुला कळतंय का की ही चेष्टेची जागा नाही?" दादा, आयुष्यात मला हे वाक्य शंभरदा ऐकवलं असेल लोकांनी. शंभर वेळा बरोबर होतं.

पुढे त्यांनी दोन वाटा सांगितल्या. मी गंमत म्हणून पट्टी काढली असं लिहून दिलं तर ते पोरपणा म्हणून सोडून देतील. नाहीतर खोटा पुरावा तयार केला म्हणून केस, आणि वहीबिही प्रकार असेल तर ज्याची वही त्याच्यावरही. तुझं नाव त्यांनी उच्चारलं नाही. साहेबांनी उच्चारलं. प्रेमाने. "याचा भाऊ फार हुशार कारागीर. त्याला यात कशाला ओढायचं?"

मी सही केली.

तुझ्यासाठी केली असं लिहिणार होतो. खोडलं. घाबरलो म्हणून केली. त्यात तू होतास, पण मागच्या रांगेत होतास.

तेवढ्यावर झालं असतं तरी चाललं असतं. पण चौकशीचे साहेब जाता जाता म्हणाले, "जिथून काढलीस तिथे लाव. माझ्यासमोर." शाळेत फळ्यावरचं पुसायला लावतात तसं. ते मनापासून शिस्त लावत होते मला. मेकॅनिकने रिव्हेटची बंदूक आणून दिली. मी पाठीवर झोपून म्हातारीच्या पोटात गेलो आणि पट्टी लावली. चार रिव्हेट. तिसऱ्याला हात घसरला तर साहेबांनी खालून बॅटरी धरली. "सावकाश," म्हणाले, "घाई नको."

बारक्या


१४ मार्च

दादा,

तीन दिवसांमागे पार्सल आलं. अक्षर ओळखलं मी. बांधलेली दोरीसुद्धा ओळखली, तुझ्या त्या दुहेरी गाठी, ज्या मला कधी सुटत नाहीत. दातांनी सोडवल्या.

हिरवी वही. आणि आत चिठ्ठी, "त्या बाईसाठी. आणि तू ते नवरीचं खरं लिहिलंस म्हणून." माझं नावही लिहिलंयस वर. बारक्या नाही, पूर्ण नाव. तू मला पूर्ण नावाने कधी हाक मारलीस ते आठवत नाही.

माझं नऊ तारखेचं पत्र आणि तुझं पार्सल वाटेत एकमेकांशेजारून गेलं असणार.

मी सगळी वाचली. तुझं अक्षर किती सुंदर आहे रे. तारीख, वार, कोण उडालं, किती वेळ. एका पानावर कोपऱ्यात लिहिलंयस, "बारक्याला सांगायचं, रंगवू नको. ऐकेल का?" तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर ऐकलं नसतं, पण सांगायचं तरी.

आता हे शांतपणे वाच. तुझ्या वहीप्रमाणे सातचा पंप संपत आला होता. वही घेऊन मी कुणाकडेही गेलो तर ते म्हणतील, चला, सात बघू. हँगरमध्ये सात उभं आहे. बाहेर रंगात सात, आत पत्र्यात सात, आणि पंप नवाकोरा, खोक्यातून काढलेला. म्हणजे वही खोटी. म्हणजे लिहिणारा खोटा, बदलीच्या रागाने खोटं लिहिणारा. पट्टी एकटी होती तोवर ती खरी वाटायला वही हवी होती. वही आली तेव्हा पट्टी तिच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसली होती, आणि ती मीच बसवली.

रात्रंदिवस तोच विचार केला. पट्टी उपसून काढली तर पुन्हा मीच काढली, पुन्हा विदूषक. वरच्या कुणाला लिहिलं तर माझी सही आहे, गंमत केली म्हणून. मेकॅनिकला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला दोन मुली आहेत." मी म्हटलं, गोगलगायीच्या आईलाही एक मुलगा होता. तो गेला तिथून.

अहवाल आलाय. घाईच लिहिलंय.

काल सातने, म्हणजे म्हातारीने, पहिली फेरी मारली. नवा पायलट आहे, कोवळा, ओठांवर नुसती लव. त्याने विमानाभोवती फेरी मारलीच नाही. गोगलगायीसारखं रेंगाळायचं नाही असं नव्या पायलटांना साहेबच सांगतात, अहवालात घाई लिहिलेली असूनसुद्धा. लॉगबुक उघडून त्याने मला विचारलं, "सगळं बरोबर आहे ना?" गंमत नाही केली मी. म्हटलं, "मला माहीत नाही, सर." त्याला वाटलं गंमत करतोय. हसत हसत चढला. ती खाली येईपर्यंत मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. आली. तीन वर्षं उभ्या असलेल्या विमानाचं काय काय गंजलं असेल ते कुठल्याच लॉगबुकात नाही, कारण लॉगबुकाप्रमाणे ती कधी उभी नव्हतीच. परवा परत जाणार आहे. बोर्डावर मी दहा रंगवलाय, दहापैकी दहा.

वही मी कुणाला दाखवणार नाही. तू पहिल्यांदा माझ्यावर विश्वास टाकून काही पाठवलंस, आणि मला ते लपवायला लागतंय, कारण दाखवलं तर तू बुडशील. आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलीय. तिने बघितली. "दादाची ना?" म्हणाली. मी म्हटलं, हो. "मग मिटलं का तुमचं?"

मी हो म्हटलं. तुझा फोन आला तर तूही हो म्हण.

गोगलगायीच्या आईचा पत्ता मी पेटीवरून उतरवून घेतला होता. तिला एक पत्र लिहिलं. पाठवता येईल एवढंच लिहिलं. मावशी, तो हळू चालायचा, त्या दिवशीही हळूच चालला, मी बघितलंय. खाली नाव लिहिलं नाही. कोण लिहितंय ते तिला कळू नये. कळलं तर तिला वाटेल, कुणीतरी चेष्टा करतंय.

तुझा,
बारक्या